गावठाणाच्या रेघेबाहेर वाढलेले चेणे

मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पूर्वेकडील अंगाला, एका बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूस वसईची खाडी यांच्या बेचक्यात, घोडबंदर रस्त्याला लागून चेणे हे गाव वसलेले आहे. डोंगरातून उतरणारी लक्ष्मी नदी, जिला बाहेरचे लोक सरसकट चेण्याची नदी म्हणतात, या गावाजवळून वाहत खाडीला मिळते. जुनी गाववस्ती, आदिवासी पाडे, रस्त्याकडेची हॉटेले, अधूनमधून बंगले आणि गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या भाड्याच्या चाळी असे या परिसराचे आजचे रूप आहे. मिरा रोडच्या इमारतींपासून हे गाव गाडीने फार दूर नाही. पण घर बांधण्याच्या कायद्याच्या दृष्टीने दोहोंत इतके अंतर आहे की एकाच महापालिकेचे हे दोन भाग आहेत यावर विश्वास बसू नये. घोडबंदर पट्ट्यातील बांधकाम परवानगीचे प्रस्ताव तयार करण्याचे काम करताना प्रस्तुत लेखकाच्या जे पाहण्यात आले, त्याच्या आधारे येथे एकच गोष्ट मांडायची आहे. चेण्यासारख्या गावांतील घराचा प्रश्न निर्बंधांच्या अतिरेकातून उद्भवलेला नाही आणि जमिनीच्या तुटवड्यातून तर मुळीच नाही. गावात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुटुंबाची वाढ ही नियोजनाची बाब आहे हे एकाही नकाशाने मानले नाही, यातून तो उद्भवला आहे.

या प्रश्नाचे मूळ गावठाण या संकल्पनेत आहे. गावठाण म्हणजे गावाच्या शिवारातील तो भाग, जो महसुली मोजणीच्या वेळी शेतीपासून वेगळा काढून वस्तीसाठी ठरवला गेला. तेथील जागेला शेतसारा नाही, तिचा सातबारा उतारा निघत नाही, आणि तेथे घर बांधण्यासाठी जमीन अकृषिक करून घेण्याचा, म्हणजे शेतीखेरीज अन्य वापराची परवानगी काढण्याचा, प्रश्न येत नाही. ब्रिटिश अमदानीतील मोजणीदारांनी ही हद्द आखली ती त्या काळची घरे, त्यांची अंगणे, खळी आणि गुरांचे गोठे डोळ्यांसमोर ठेवून. त्यानंतर कुटुंबे वाढली, एका चुलीच्या तीन आणि तीनच्या सात झाल्या. परंतु रेघ बहुतेक गावांत जागची हलली नाही. गावठाणाच्या आत जागा उरली नाही म्हणून धाकट्या भावाने मागच्या वरकस जमिनीत घर घातले, त्याच्या मुलाने त्याच्याही पलीकडे घातले. गावाच्या दृष्टीने हे एकच सलग गाव होते. महसूल खात्याच्या दृष्टीने मात्र पहिले घर गावठाणात, दुसरे शेतजमिनीत आणि तिसरे कदाचित वनात होते.

जोपर्यंत कारभार ग्रामपंचायतीकडे होता तोपर्यंत या भेदाची झळ फारशी बसत नव्हती. ग्रामपंचायत घराला क्रमांक देई, घरपट्टी आकारी, कर आकारणीच्या नोंदवहीत नाव चढवी आणि त्या नोंदीला गावात घराच्या मालकीइतकाच मान असे. १९८५ मध्ये पाच ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली, पुढे आणखी गावे तिला जोडली गेली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५,२०,३८८ होती, ती २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. एवढ्या वेगाने फुगणाऱ्या शहराच्या कारभारात कडेच्या गावाचे वेगळेपण विरून जावे हे स्वाभाविक होते, पण त्याचा परिणाम चमत्कारिक झाला. गाव शहरात आले म्हणून ते ग्रामीण योजनांमधून वगळले गेले, आणि शहराच्या नकाशात ते हिरव्या रंगाखाली आले म्हणून शहरी घराच्या सवलतीही त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. याचे एक उदाहरण स्वामित्व योजनेचे आहे. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून प्रत्येकाला मालमत्ता पत्रक, म्हणजे घराच्या जागेच्या हक्काचा अधिकृत उतारा, देण्याच्या या कामाचा प्रयोग महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावापासून झाला आणि २०२० मध्ये केंद्राने ते देशभर नेले. परंतु ही योजना ग्रामीण भागासाठी आहे, महापालिकेच्या हद्दीतील गावठाणासाठी नाही. दुसरीकडे, २०१५ पासूनच्या शहरी पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये अशी मदत मिळण्याची तरतूद झाली, पण त्यासाठी जागेचा हक्क आणि मंजूर नकाशा दोन्ही लागतात. गरज सिद्ध करणे चेण्यातील कुटुंबाला अवघड जात नाही. त्याचे घोडे अडते ते या दोन कागदांपाशी.

आता नकाशाकडे वळावे लागेल, कारण या कामात माणसापेक्षा नकाशाशी जास्त बोलावे लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक नियोजन प्राधिकरणाने आपल्या हद्दीची विकास योजना तयार करावयाची असते. विकास योजना म्हणजे कोणत्या जमिनीचा वापर कशासाठी करता येईल आणि रस्ते, शाळा, उद्याने यांसाठी कोणती जागा राखून ठेवायची हे सांगणारा रंगीत नकाशा आणि त्यासोबतचा अहवाल. मिरा-भाईंदरची विकास योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. कायद्याने वीस वर्षांतून किमान एकदा तिची फेररचना करणे अपेक्षित आहे; सुधारित योजनेचे प्रारूप २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. निवासी पट्टा पिवळ्या रंगाने आणि हरित पट्टा हिरव्या रंगाने दाखवण्याची रीत असल्याने ‘जमीन यलोत आहे की ग्रीनमध्ये’ हा प्रश्न या धंद्यात सर्वात आधी विचारला जातो, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याच्या गावांत त्याचे उत्तर बहुधा एकच असते. त्याची अधिकृत खातरजमा दोन कागदांनी होते: झोन दाखला, म्हणजे अमुक सर्व्हे नंबर कोणत्या वापर विभागात येतो याचे प्रमाणपत्र, आणि भाग नकाशा, म्हणजे विकास योजनेच्या नकाशातील त्या जागेपुरता काढून दिलेला तुकडा.

भाग नकाशा हातात आला की खरे काम सुरू होते. विकास योजनेच्या नकाशावर सर्व्हे नंबरांच्या हद्दी गावनकाशावरून उतरवलेल्या असतात. तो गावनकाशा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या साखळीच्या मोजणीवर आधारलेला असतो, कागद आकसलेला किंवा ताणलेला असतो, आणि त्यावर आजची यंत्राने केलेली मोजणी बसवताना कोपरे जुळत नाहीत. प्रमाण १:४००० असेल तर नकाशावरील एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर चार मीटर रुंद असते. गावातले साधे घर पाच-सहा मीटर रुंदीचे. म्हणजे गावठाणाची हद्द दाखवणारी रेघ एखाद्या घरावर आडवी पडली, तर ती ओटीवरून जाते की परसातून, हे त्या नकाशावरून सांगणे कोणालाही शक्य नाही. तरीही त्या घराचे भवितव्य तिच्यावरच ठरते. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी असे अर्जदाराला सांगितले जाते. भूकरमापक येतो, यंत्र लावतो, खुणा करतो, आणि लगतचा खातेदार हरकत घेतो. भाऊबंदकीच्या जमिनीत ही हरकत न आली तरच नवल. मोजणीचा नकाशा हाती पडेपर्यंत एक पावसाळा सहज निघून जातो, आणि तो निघून गेल्यावर जे समजते ते एवढेच, की घराचा निम्मा भाग गावठाणात आहे आणि निम्मा बाहेर.

बाहेर असल्याने पुढची सगळी वलये लागू होतात. त्यांतले सर्वात जुने वलय खाजगी वनाचे आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी मालकीची वने राज्य शासनाकडे निहित झाली, म्हणजे वेगळे आदेश न काढता कायद्यानेच शासनाची झाली; मात्र सातबारावर तशी नोंद अनेक ठिकाणी कित्येक दशकांनी घेण्यात आली. दरम्यान त्या जमिनींवर घरे उभी राहिली, व्यवहार झाले, कर्जे निघाली. अर्धवट राहिलेल्या जुन्या नोटिशीच्या आधारे जमीन वन ठरवता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये गोदरेज अँड बॉइस यांच्या प्रकरणात सांगितले, तेव्हा मुंबई-ठाणे परिसरातील हजारो कुटुंबांचा जीव भांड्यात पडला. पण जो खातेदार स्वतः न्यायालयात गेला नाही त्याच्या उताऱ्यावरील नोंद आपोआप पुसली जात नाही, ती कमी करून घेण्यासाठी त्यालाच उंबरठे झिजवावे लागतात. दुसरे वलय ५ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय उद्यानाभोवती जाहीर झालेल्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे आहे. संरक्षित वनाच्या भोवतीचा हा संक्रमणाचा पट्टा असतो, ज्यात सर्वच मानवी व्यवहारांना बंदी नसते, पण त्यांवर देखरेख असते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती त्याची रुंदी ठिकाणानुसार १०० मीटर ते ४ किलोमीटर अशी आहे. खाडीच्या बाजूने किनारा नियमन क्षेत्र येते, नदीच्या बाजूने पूररेषा येते, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, आणि रस्त्याच्या बाजूने इमारत रेषा येते.

यातील प्रत्येक रेषेमागे समर्थनीय कारण आहे, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे, कारण गावातील प्रश्नांची कड घेणाऱ्या लेखनात पर्यावरणाचे नियम खलनायक ठरवण्याची सोपी वाट पुष्कळदा धरली जाते. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे हे उद्यान तुळशी आणि विहार या तलावांना पोटात घेऊन आहे, मिठी आणि दहिसर या नद्यांचा उगम त्याच्या डोंगरात आहे, आणि घोडबंदर रस्त्याच्या उत्तरेकडील नागला वनखंडातून खाडीपलीकडच्या तुंगारेश्वर अभयारण्याकडे वन्यप्राण्यांचा जो काही संबंध टिकून आहे तो चेण्याच्या आसपासच्या मोकळ्या जमिनीमुळेच टिकून आहे. ही जमीन इमारतींना खुली झाली तर ती स्थानिकांच्या घरांसाठी वापरली जाईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तेव्हा आक्षेप रेषांना नाही. आक्षेप असा आहे की प्रत्येक रेषा वेगळ्या कायद्याने, वेगळ्या कार्यालयाने आणि वेगळ्या काळात आखली गेली, आणि तिच्याखाली कोण राहते याची गणना करण्याचे काम कोणत्याच कार्यालयाचे नव्हते. वन खाते वनाबद्दल उत्तर देते, महसूल खाते उताऱ्याबद्दल, नगररचना विभाग रंगाबद्दल. ‘या कुटुंबाने घर कुठे बांधावे’ या प्रश्नाला उत्तर देणारी खिडकी यांपैकी कोठेच नाही. दर खिडकीवर शेजारच्या खिडकीचा पत्ता मिळतो.

नियमांच्या भाषेतही कुटुंब नावाची गोष्ट सापडत नाही, तेथे फक्त भूखंड असतो. याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तीत शेती किंवा हरित विभागात शेतघर बांधण्याची सोय आहे: भूखंड किमान ०.४ हेक्टरचा, म्हणजे साधारण एक एकराचा असावा, बांधकाम त्याच्या क्षेत्राच्या ०.०३७५ पटीपर्यंत असावे आणि कोणत्याही परिस्थितीत ४०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसावे. या हिशेबाने एक एकर जमीन असणाऱ्याला दीडशे चौरस मीटरचे घर बांधता येते, आणि पाच गुंठे जमीन असणाऱ्याला एक खोलीही बांधता येत नाही. आता चेण्यासारख्या गावात एक एकर सलग जमीन कोणाकडे उरते याचा विचार केला पाहिजे. वाटण्या होत होत मूळ गावकऱ्याच्या हाती काही गुंठे राहतात. सलग एकर असतो तो बहुधा बाहेरून येऊन तुकडे जोडत गेलेल्या खरेदीदाराकडे. संवेदनशील क्षेत्राचे वेगळे निर्बंध क्षणभर बाजूला ठेवले, तरी नियमाचा कल कुठे आहे ते उघड दिसते. हरित पट्ट्याची विरळ वस्ती टिकावी हा त्यामागील हेतू खराच आहे, पण त्याची किंमत ज्याच्याकडे दुसरे घर नाही त्याने मोजावी आणि लाभ ज्याचे हे दुसरे किंवा तिसरे घर आहे त्याला मिळावा, ही वाटणी कोणी जाणूनबुजून केलेली नसली तरी अन्यायाचीच आहे.

परवानगी मिळत नाही म्हणून घर बांधायचे राहते असे मात्र होत नाही. लग्न ठरते, सुनेला खोली लागते, जुन्या भिंतीला ओल येते. या परिसरातील घर एका दमात बांधले जात नाही, ते वर्षानुवर्षे चढत जाते. प्रथम कुडाची किंवा पत्र्याची खोली असते. मग तिच्या आतल्या अंगाने विटांची भिंत उठते आणि बाहेरचा पत्रा तसाच ठेवला जातो, जेणेकरून रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही बदललेले दिसू नये. भिंत छताला टेकली की पत्रा काढला जातो. सर्वात धोक्याचा टप्पा स्लॅबचा, कारण तो लपवता येत नाही. २०२० मध्ये राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यापासून अशा स्लॅबसाठी शुक्रवारची रात्र सोयीची मानली जाते. संध्याकाळपर्यंत सळई बांधून वर हिरवी जाळी किंवा ताडपत्री ओढलेली असते, मिक्सर अंधार पडल्यावर येतो, आणि सोमवारी कार्यालये उघडेपर्यंत काँक्रीट आवळलेले असते. या घाईचा परिणाम बांधकामावर होतो. रात्रीच्या उजेडात सळईखाली आधाराचे ठोकळे नीट ठेवले जात नाहीत, क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट मुरण्यासाठी पाणी मारत राहण्याचे, काम लक्ष वेधले जाईल म्हणून टाळले जाते, आणि पाया खोदताना जमिनीचा उतार पाहायला अभियंता नसतो, कारण अनधिकृत कामावर सही करून कोणताही अभियंता आपला परवाना पणाला लावत नाही. ज्या डोंगरपायथ्याला आणि नदीकाठाला तांत्रिक सल्ल्याची सर्वात जास्त गरज आहे, तेथेच तो कायद्याने दुरावतो. प्रस्तुत लेखकाला या व्यवसायात सर्वात जास्त खटकलेली गोष्ट ही आहे. घर अनधिकृत असण्यापेक्षा ते कच्चे आणि धोकादायक असणे हे अधिक मोठे सामाजिक नुकसान आहे, आणि ते कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

घर उभे राहिल्यावर शासनाचे त्याच्याशी नाते तुटत नाही, उलट जुळते. नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस येते आणि जवळपास त्याच सुमारास कर विभागाकडून मालमत्ता कराची आकारणीही होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट इतकी शास्ती, म्हणजे दंडात्मक आकारणी, बसवण्याची तरतूद आहे, आणि ही शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही हे पावतीवर छापलेले असते. लोक ती पावती तरीही जपून ठेवतात, विजेच्या बिलासोबत आणि शिधापत्रिकेसोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवतात, कारण उद्या कधी नियमितीकरणाची योजना निघाली तर ‘पुरावा’ म्हणून हेच कामी येईल असा त्यांचा पक्का समज असतो, आणि महाराष्ट्राचा इतिहास पाहता तो समज अगदीच निराधार म्हणता येत नाही.

येथपर्यंतचे चित्र एकतर्फी वाटू नये म्हणून चाळींविषयी लिहिणे भाग आहे. गरजेपोटी बांधलेल्या खोलीशेजारी भाड्यासाठी बांधलेल्या दहा खोल्यांची रांग उभी राहते तेव्हा दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही. हॉटेलातील कामगार, ट्रकचालक, इमारतींवर काम करणारे मजूर यांना घोडबंदर रस्त्यालगत स्वस्त निवारा याच चाळींतून मिळतो, मिरा रोडच्या सदनिकांत त्यांना जागा नाही. या अर्थी चाळ बांधणारा खातेदार नकळत शहराची भाड्याच्या घरांची गरज भागवत असतो. पण त्यापुढची पायरी खोल्या विकण्याची असते. हा व्यवहार नोंदणी कार्यालयात होऊच शकत नाही, म्हणून तो मुद्रांक कागदावर लिहून नोटरीपुढे सह्या करून होतो. नोटरीने सही ओळखली याचा अर्थ मालकी हस्तांतरित झाली असा होत नाही. स्थावर मिळकतीचे विक्रीपत्र नोंदणी अधिनियम, १९०८ अन्वये नोंदवलेच पाहिजे. आयुष्यभराची पुंजी देऊन नोटरीवर खोली घेणाऱ्याला हे बहुधा पाडकामाची नोटीस आल्यावर कळते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर गुंता आणखी वाढतो, कारण जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे तिचे बिगर आदिवासीकडे हस्तांतरण पूर्वपरवानगीशिवाय होऊ शकत नाही. तेव्हा कागदावर मालक आदिवासी राहतो, खोल्यांचा पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो आणि नोटीस मात्र आदिवासीच्या नावाने निघते. ‘भूमिपुत्राचे घर वाचवा’ या घोषणेआड लपलेला हा धंदा ओळखून वेगळा काढला नाही, तर गरजवंतासाठी केलेली प्रत्येक सवलत त्याच्याच पदरात पडेल.

पाड्यांची स्थिती याहून निराळी आहे. वनहक्क अधिनियम, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाला तेथील वस्तीचा आणि वहिवाटीचा हक्क मागता येतो. हा दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. पण पाडा महापालिकेच्या हद्दीत असेल तर तेथे ग्रामपंचायत नाही, मग ग्रामसभा कोणी बोलवायची हा पेच पहिल्याच पायरीला उभा राहतो. याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा तेरा प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची सोय आहे, पण तीही ग्रामसभेच्या शिफारशीवर अवलंबून आहे. शहरात सामील झाल्यामुळे पाड्याने गमावलेली गोष्ट ती ही: कर आला, प्रभाग आला, आणि हक्क मागण्याची सभा गेली.

या सर्व काळात चेण्याच्या शिवारातून शहरासाठी काय काय नेले जात आहे याकडेही पाहिले पाहिजे. पालघर जिल्ह्यातील सूर्या धरणाचे ४०३ दशलक्ष लिटर पाणी रोज वसई-विरार आणि मिरा-भाईंदरला देण्याच्या योजनेत मिरा-भाईंदरच्या वाट्याचे २१८ दशलक्ष लिटर पाणी चेणे येथील जलाशयात घेऊन पुढे वाटायचे आहे. गायमुख ते मिरा रोडच्या शिवाजी चौकापर्यंतची मेट्रो १० ही मार्गिका याच रस्त्याने आखलेली आहे. गायमुख ते फाउंटन हॉटेल या टप्प्यात डोंगराखालून बोगदा प्रस्तावित आहे. ही कामे आवश्यक आहेत, आणि त्यांच्यासाठी वन, वन्यजीव व किनारा नियमनाच्या परवानग्या कशा मिळवायच्या याची यंत्रणा, सल्लागार आणि निधी शासनाकडे असतो. प्रत्येक अडसर ओलांडण्याची रीत ठरलेली आहे; फक्त ती रीत वापरण्याची ऐपत पाच गुंठेवाल्याची नाही.

असा अनुभव चेण्यापुरता नाही. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, शहर आखीवरेखीव झाले, पण मूळ गावांची गावठाणे वेळीच वाढवली गेली नाहीत. वाढलेल्या कुटुंबांनी भोवती घरे बांधली, त्यांना सरकारी भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे नाव पडले, आणि ती नियमित करण्याचा निर्णय शासनाला अर्धशतकानंतर, २०२२ मध्ये घ्यावा लागला. तोवर गरजेपोटी काय आणि नफ्यापोटी काय हे वेगळे करणे जवळजवळ अशक्य झाले होते. दिल्लीत १९०८ मध्ये नकाशावर तांबड्या शाईने आखलेली ‘लाल डोरा’ ही वस्तीची हद्द शतकानंतरही वादाचा विषय आहे. चीनमधील शेन्झेन शहराने भोवतालची शेती घेतली आणि गावांच्या वस्तीची जागा तेवढी सोडली, तेव्हा गावकऱ्यांनी तिच्यावर हात पुरेल इतक्या जवळ बहुमजली इमारती उभ्या केल्या आणि त्यांतच त्या शहराचे लक्षावधी स्थलांतरित कामगार राहिले. या तिन्ही ठिकाणी गाव वाढणार हे आधीच ठाऊक होते, आणि तरीही त्याच्या वाढीसाठी वेळेवर जागा राखली गेली नाही.

चेण्याच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही, कारण येथे घरे शेकड्यात आहेत, लाखांत नाहीत. त्यासाठी हरित पट्टा पिवळा करण्याची गरज नाही. तसे केल्यास पहिला लाभ इमारत बांधणाऱ्यांनाच होईल. करायचे आहे ते काम मर्यादित आहे: आज प्रत्यक्ष वस्ती कुठपर्यंत आहे याची घरोघर मोजणी, तीत राहती कुटुंबे आणि भाड्याच्या चाळी यांची वेगळी नोंद, पूररेषेतील व तीव्र उतारावरील घरांसाठी त्याच गावात पर्यायी जागा, आणि उरलेल्या राहत्या घरांभोवती नवी हद्द. या हद्दीच्या आत दोन मजल्यांपर्यंतच्या घरासाठी नमुना नकाशे आणि महापालिकेच्या खर्चाने अभियंत्याची देखरेख दिली, आणि तेथील घर ठरावीक वर्षे विकता येणार नाही अशी अट घातली, तर गरज आणि धंदा यांची फारकत बऱ्याच अंशी होऊ शकेल. संवेदनशील क्षेत्रांच्या केंद्रीय अधिसूचनांमध्ये स्थानिक रहिवाशांच्या निवासी गरजेसाठी, संनियंत्रण समितीच्या शिफारशीने आणि राज्य शासनाच्या मान्यतेने, शेतजमिनीच्या वापरात बदल करण्याची मुभा सर्वसाधारणपणे ठेवलेली असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे गावठाणात कोणती जमीन येते हे ठरवण्याचा आणि त्याची हद्द वेळोवेळी बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आधीपासूनच आहे. चेण्यासाठी तो वापरायला नवा कायदा करावा लागत नाही.